तेच पुस्तक, वेगळं वय

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. दहा-बारा वर्षांचा वाचक त्यात श्यामच्या जागी स्वतःला पाहतो. आई रागावली की तोही हिरमुसतो. तोच वाचक पुढे स्वतः पालक झाला, की त्याचं लक्ष गरिबीत घर सावरणाऱ्या आईकडे जातं. पुस्तकातलं अक्षरही बदललेलं नसतं.

‘कोसला’चंही तसंच. १९६३ साली ही कादंबरी आली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अगदी आपला वाटतो. पन्नाशीत पुन्हा वाचताना मात्र गावाकडून पैसे पाठवणाऱ्या वडिलांची बाजूही दिसू लागते. पुनर्वाचनाचं खरं सुख इथेच आहे.

मधली वर्षं नोकरी-संसारात जातात आणि वाचन वर्तमानपत्रापुरतं उरतं.

मग शरीरही आडवं येतं. साधारण चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करणं अवघड होतं आणि पुस्तक हळूहळू हातभर लांब जातं. बरेच जण याला कंटाळा समजून वाचन सोडतात. ते सोडू नये. योग्य चष्मा आणि भरपूर उजेड मिळाला, की पानं पुन्हा उलटू लागतात.

लहानपणीचं वाचनही असं पुन्हा हाती घेता येतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झालं. ते पहिले अंक वाचणारी मुलं आज साठीत आहेत. जुने अंक आता इंटरनेटवर मोफत मिळतात, आणि पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठंही करता येतं.