दिल्लीत यशवंतरावांची बेरीज का जुळली नाही?



यशवंतराव चव्हाण पंतप्रधान का झाले नाहीत, असं विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: ऐन वेळी ते कचरले. मला हे उत्तर अन्यायाचं वाटतं.

1957 सालची गोष्ट घ्या. यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि महाराष्ट्र त्यांच्यावर संतापलेला होता. त्या निवडणुकीत कराडला ते थोडक्यात निवडून आले. नोव्हेंबरमध्ये प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू यायचे होते. मराठी भाषकांचं वेगळं राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळी निशाणं घेऊन माणसं रस्त्यावर उतरवली. पाहुणा देशाचा पंतप्रधान आणि निदर्शनं करणारी आपलीच माणसं! तो दिवस शांततेत पार पडला. मराठी माणसाच्या मनात काय आहे, ते नेहरूंनी प्रत्यक्ष पाहिलं. पुढे अडीच वर्षांत महाराष्ट्र राज्य झालं आणि पहिले मुख्यमंत्री म्हणून यशवंतरावांनी कालच्या विरोधकांनाही जवळ केलं. यालाच आपण बेरजेचं राजकारण म्हणतो. ही बेरीज ओळखीवर चालायची. कुठल्या तालुक्यात कोणाचा शब्द चालतो, कोण कशानं दुखावलाय, हे त्यांना ठाऊक असे.

1962 च्या नोव्हेंबरात, चीनच्या आक्रमणाच्या दिवसांत, नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली. इतकी मोठी खाती सांभाळणारी माणसं देशात फार थोडी. पण उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारमधल्या खासदारानं त्यांच्या शब्दाखातर आपलं भवितव्य पणाला का लावावं? हाताशी जे बळ होतं ते महाराष्ट्राचं, आणि लोकसभेत आपल्या जागा 48. त्याही सगळ्या त्यांच्या मुठीत कधीच नव्हत्या.

1979 च्या जुलैत या बळाची परीक्षा झाली. मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनीच मांडला. मोरारजींनी राजीनामा दिला, आणि राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी सरकार बनवण्यासाठी पहिलं बोलावणं यशवंतरावांना धाडलं. ते कचरले नाहीत, त्यांनी प्रयत्न केला. पण काँग्रेस दुभंगलेली, जनता पक्ष फुटलेला, आकडा जमेना. तसं त्यांनी राष्ट्रपतींना कळवलं. चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान.

त्यांच्या चुका झाल्याच नाहीत, असं मी म्हणणार नाही. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी आधी संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं, पण त्या वादात काँग्रेस फुटली तेव्हा ते रेड्डींना विरोध करणाऱ्या इंदिरा गांधींबरोबर राहिले. दोन्ही गटांचा त्यांच्यावरचा भरवसा तिथेच उणावला. माणसं तुटू नयेत म्हणून थांबण्याची सवय दिल्लीत धरसोड ठरली.

पुढे इंदिराजींपासून दुरावलेले यशवंतराव शेवटी इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. 1982 मध्ये त्यांच्याकडे आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद आलं. केंद्राच्या तिजोरीतला राज्यांचा वाटा ठरवण्याचं हे काम. राज्य चालवलेल्या आणि दिल्लीही आतून पाहिलेल्या माणसाकडे ते गेलं, हे योग्यच झालं.