बुरूडकामाला बारमाही बाजार

गौरी जवळ आल्या की महाड-पोलादपूरकडे नव्या सुपांची मागणी वाढते, कारण गौरीपूजनातल्या ओवशाला सूप हवंच. बांबूचं बुरूडकाम करणाऱ्या घरांचा हा हंगाम. पण बारा महिने काम हवं असेल, तर नव्या वस्तूही घडवायला हव्यात.

त्या सुचतात कशा? आपल्याच घरात नीट पाहिलं की! रोवळीची वीण दिव्याच्या झाकणाला शोभते, परडीचा आकार भेटवस्तूच्या करंडीला चालतो. रायगड पाहायला येणाऱ्या पर्यटकाला हलकी, पिशवीत मावणारी वस्तू आवडते. त्याच्यासाठी लहान इरलं, लहान सूप विणून पाहा.

माल टिकलाच पाहिजे. तीन वर्षांचा जून बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडा. तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं, म्हणून कीडही कमी लागते. विणलेली वस्तू पूर्ण वाळवूनच विका.

दर ठरवताना बांबू आणि वाहतुकीबरोबर घरच्या माणसांची मजुरीही धरा. चोया काढणाऱ्या हातांचं मोल सोडू नका.

या कामाला सरकारी मदतही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपल्या आणि चटया विणणारे कारागीर आहेत. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजानं एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. बचतगटातल्या भगिनींनी राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाचीही चौकशी जरूर करावी.