कोलकात्यातील कुंडी आणि परदेशी वसंत

विल्यम केरी हे नाव मराठी भाषेच्या अभ्यासकांना 1805 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या मराठी व्याकरणामुळे परिचित आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्यांना निराळ्याच कारणासाठी ओळखतात. ज्याला महाराष्ट्रात कुंभा म्हणतात, त्या वृक्षाच्या प्रजातीला रॉक्सबर्ग यांनी केरींचे नाव दिले. 1820 मध्ये कोलकात्यात जी कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन झाली, तिचे प्रवर्तकही केरीच होते. तिची बाग पुढे अलिपूर येथे नांदू लागली.

केरी मायदेशातील मित्रांकडे बिया आणि कंद वारंवार मागत असत. एकदा इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतील उरलीसुरली माती त्यांनी सावलीतल्या वाफ्यावर झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे एक रोपटे उगवले. त्या क्षुद्र गवतफुलाने त्यांना झालेला आनंद मोठा होता. पण इंग्लंडच्या कुरणात वर्षानुवर्षे टिकणारी ही वनस्पती बंगालमध्ये दरवर्षी बी राखून नव्याने पेरावी लागे. बहुवर्षायू झाड येथे एका हंगामाचे पाहुणे झाले. ट्युलिप, हायसिंथ किंवा डॅफोडिल यांचे कंद घरात लावू इच्छिणाऱ्या कोलकातावासीयाने ही हकीकत प्रथम ध्यानात घ्यावी.

कारण ट्युलिपच्या कंदात, तो बाजारात येतो त्या वेळी, फूल आधीच तयार झालेले असते. कंद उभा चिरला तर पाकळ्यांचे इवले अंकुर दिसतात. उणीव असते ती थंडीची. बारा ते चौदा आठवडे चांगला गारवा लाभल्याशिवाय त्याचा दांडा लांबत नाही. फूल पानांच्या बेचक्यातच अडकून सुकते. जानेवारीतही कोलकात्याची रात्र साधारणपणे चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपार पंचवीसपर्यंत चढते. एवढ्याने कंदाचे समाधान होत नाही. येथील अपयशाचा दोष बहुधा खताला वा पाण्याला दिला जातो, तो अन्यायाचा आहे.

ही थंडी घरातील शीतकपाटात देता येते. दुर्गापूजेच्या सुमारास कंद मिळवून ते कागदी पिशवीत घालावेत आणि खालच्या कप्प्यात, चार ते सात अंशांत ठेवावेत. त्याच कप्प्यात सफरचंदे ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो आतल्या कळीचा नाश करतो. (कुटुंबातील इतरांना या नियमाची पूर्वसूचना देणे हिताचे.) हायसिंथला दहा आठवडे पुरतात. त्याचे कंद हाताळताना पुष्कळांच्या हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घालावेत. मग डिसेंबरच्या अखेरीस वाळू व पानांचे कुजलेले खत मिसळलेल्या मातीत, शेंडा जेमतेम वर राहील अशा रीतीने हायसिंथचे कंद लावावेत. ट्युलिपला अधिक मुदत हवी, म्हणून त्याची लावण जानेवारीत जाते. कोंब दोन-तीन इंच होईपर्यंत कुंडी अंधारात, घरातील सर्वांत थंड जागी असावी. उत्तरेकडील व्हरांडा उत्तम. फुले उमलल्यावर कुंडी रात्री बाहेर ठेवल्यास ती दोन-चार दिवस अधिक टिकतात.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी पांढऱ्या झुपकेदार नरगिसाचे कंद आणावेत. त्यांना शीतकपाट लागत नाही. उथळ वाडग्यात खडे भरून, कंदाच्या बुडालाच तेवढे टेकेल इतके पाणी ठेवले की महिना-दीड महिन्यात सुगंधी फुले येतात.

परंतु फुले गेल्यानंतर काय? थंड प्रदेशात ट्युलिपची हिरवी पाने कित्येक आठवडे अन्न साठवतात आणि जुन्या कंदाच्या जागी नवा कंद पोसतात. कोलकात्यात मार्चची उष्णता पानांना तेवढी सवड देत नाही. जो कंद राहतो तो दुबळा असतो, आणि पावसाळ्यात तोही कुजतो. पुढील वर्षासाठी तो जपून ठेवणे व्यर्थ होय. नवे कंद विकतच घ्यावे लागतात. श्रीनगरच्या ट्युलिप उद्यानात, 2007 पासून लोक जो बहर पाहतात, त्यामागे काश्मीरचा हिवाळा आहे. तो कुंडीबरोबर पाठविता येत नाही.

हौशी माणसाने हा खर्च एखाद्या वर्षी अवश्य करावा. मात्र त्याच खिडकीत हिप्पीअ‍ॅस्ट्रमची एक कुंडीही असावी. हा कंद दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे तोही परकाच. पण त्याला बर्फाची आठवण नाही. मल्लिक घाटाच्या फूलबाजारात ढिगांनी येणारा निशिगंध, बंगालीतील रजनीगंधा, मूळचा मेक्सिकोचा, त्याचीही तीच गोष्ट. हिप्पीअ‍ॅस्ट्रमला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडावे आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू करावे. ट्युलिपची पाने पिवळी पडू लागतात, त्या सुमारास याचा जाड दांडा वर येतो. फुले ओसरल्यावर पाने कापू नयेत. कुंडी पावसाळाभर उजेडात राहू द्यावी.