विद्युत्‌घटांतील पाणी



उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या इमारतींत रात्रीं शिरलांत, तर जिन्याखालीं विजेवर चालणारी स्कूटर उभी दिसेल. तिच्या बॅटरींत रात्रभर वीज भरली जात असते, आणि तोच जिना वरच्या बिऱ्हाडांना उतरण्याचा एकमेव मार्ग असतो. लिथियमच्या या बॅटरींतील द्रव ज्वालाग्राही आहे. घट आंतून बिघडून तापला, तर तो पेट घेतो.

मग त्याच्या जागीं पाणीच कां घालूं नये? मोटारीच्या शिसे-आम्लाच्या बॅटरींत तें आहेच. अडचण अशी कीं, सुमारें १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचें हायड्रोजन व प्राणवायु यांत विघटन होऊं शकतें. शिशाच्या पृष्ठावर हायड्रोजन फार मंदपणें सुटतो, या एका दैवयोगानें तो घट २ व्होल्टपर्यंत टिकतो. लिथियमच्या घटाला त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो.

(अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेनें पाणबुड्यांसाठीं तयार केलेल्या इंधन-घटांत याच्या नेमकी उलट क्रिया घडते. तेथें हायड्रोजन व प्राणवायु यांच्या संयोगापासून वीज मिळते आणि पाणी उरतें.)

२०१५ सालीं मेरीलँड विद्यापीठ व अमेरिकन सैन्याची प्रयोगशाळा यांतील संशोधकांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. एक किलो पाण्यांत त्यांनीं लिथियमचा एक क्षार सुमारें सहा किलो विरघळविला! आमच्या लोणच्यांतही इतकें मीठ कोणी घालीत नाहीं. परंतु तें पाणी सुमारें ३ व्होल्टपर्यंत टिकलें.

असें कां व्हावें? अणु डोळ्यांना दिसत नाहींत; म्हणून संगणकाला विचारावें लागतें. प्रत्येक अणूची जागा व वेग त्याला सांगावयाचे, अणूंमधील ओढाताण मोजावयाची आणि सर्वांना किंचित् पुढें सरकवावयाचें. हें किंचित् म्हणजे किती? एका सेकंदाचे अब्ज भाग करा, आणि त्यांतील एका भागाचे पुन्हां दहा लाख. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनीं स्टिलिंजर यांच्यासह १९७१ सालीं या रीतीनें पाणी अभ्यासिलें, तें केवळ २१६ रेणूंचें होतें. पुण्याच्या 'आयसर' संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या 'परम ब्रह्म'सारख्या यंत्रांना त्याहून कितीतरी मोठा पसारा झेपतो.

गणितानें उकल केली ती अशी. साध्या द्रावणांत लिथियमच्या प्रत्येक आयनाभोंवतीं पाण्याचे चारएक रेणू असतात. या द्रावणांत वांट्याला तीनही येत नाहींत. पाण्याला मोकळीक उरत नाहीं. शिवाय क्षाराचा ऋणभारित घटक आधीं मोडतो व ऋणाग्रावर लिथियम फ्लोराइडचा पातळ लेप बसतो. तो लेप पाण्याला अडवितो.

मात्र दहा लाख पावलांनीं संगणक सेकंदाच्या एक अब्जांश भागाएवढाच पुढें जातो. शेंकडों वेळां वीज भरल्यानंतर लेपाचें काय होतें, हें प्रत्यक्ष घटांतच पाहावें लागतें. क्षारही महाग आहे. जिन्याखालच्या स्कूटरपर्यंत हें पाणी अद्याप पोहोंचलेलें नाहीं.