ऊन पाण्याचें बेट इस्किया

नेपल्सच्या बंदरांतून निघालेली आगबोट सुमारें दीड तासांत इस्किया बेटास लागते. तिच्यांतून उतरणाऱ्या मंडळींत दोन तऱ्हेचे लोक असतात. कोणी समुद्रस्नान आणि विश्रांति यांसाठीं आलेले, तर कोणी दुखरे सांधे घेऊन उपचारासाठीं आलेले. दोघांचीहि सोय येथें एकाच पाण्यानें होते.

इस्किया हें ज्वालामुखीनें घडविलेलें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४६ चौरस किलोमीटर असून मध्यभागीं ७८९ मीटर उंचीचा एपोमेओ पर्वत आहे. येथील शेवटचा उद्रेक १३०२ सालीं झाला. परंतु भूगर्भांतील उष्णता अद्याप निवालेली नाहीं. पावसाचें व समुद्राचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतें, तेथें तापतें, वाटेंतील क्षार आपल्यांत सामावून घेतें आणि झऱ्यांच्या रूपानें पुन्हां वर येतें. सोर्जेतो येथें तें थेट समुद्रांतच मिसळतें. त्यामुळें थंडीच्या दिवसांतहि तेथें लोक दगडांच्या आडोशास पाण्यांत निवांत बसलेले दिसतात. मारोंतीच्या किनाऱ्यावर वाळूंतून वाफा निघतात, आणि हौशी मंडळी त्या वाळूंत अंडीं पुरून उकडून खातात.

या पाण्याची कीर्ति जुनी आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत ग्रीकांनीं येथें वसाहत केली. रोमन काळांत नित्रोदीच्या झऱ्यापाशीं अपोलो व जलदेवता यांस संगमरवरी शिल्पें वाहिलीं जात. १५८८ सालीं जूलिओ यासोलीनो या वैद्यानें बेटावरील झऱ्यांची पाहणी करून कोणतें पाणी कोणत्या विकारावर योजावें, याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें सतराव्या शतकाच्या आरंभीं नेपल्समधील एका धर्मादाय संस्थेनें कासामिच्चोला गांवीं गरिबांसाठीं स्नानगृह व रुग्णालय उभारलें. पायाच्या जखमेनें पीडलेला गारिबाल्दीहि १८६४ सालीं याच गांवीं उपचारासाठीं येऊन राहिला होता.

येथील दिनक्रम शिस्तीचा असतो. प्रथम वैद्य प्रकृति तपासतो. कारण ऊन पाणी हृदयविकाराच्या रोग्यास अपायकारक होऊं शकतें. मग झऱ्याच्या पाण्यांत मुरविलेल्या ऊन चिखलाचा लेप सांध्यांवर देतात. थोड्या वेळानें तो धुऊन स्नान होतें, आणि पांघरूण घेऊन घाम येईपर्यंत स्वस्थ पडून राहावें लागतें. दुपारनंतरचा वेळ समुद्रासाठीं मोकळा. रात्रींच्या जेवणांत टोमॅटो व द्राक्षमद्य घालून शिजविलेलें सशाचें मांस असतें. ती या बेटाची खास चीज.

परंतु पाणी तापविणारी भूमि कधीं कधीं हालते. १८८१ सालच्या भूकंपांत कासामिच्चोला येथें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तरीहि स्नानाचा हंगाम थांबला नाहीं. २८ जुलै १८८३ रोजीं, ऐन हंगामांत, रात्रीं साडेनवाच्या सुमारास पुन्हां धक्का बसला. केंद्र उथळ होतें आणि दगडी भिंती दुबळ्या होत्या. कांहीं क्षणांत गांव जमीनदोस्त झालें आणि दोन हजार तीनशेंहून अधिक जीव गेले. सुट्टीसाठीं आलेल्या एका कुटुंबांतील आई, बाप व बहीण ढिगाऱ्याखालीं मृत्यु पावलीं. सतरा वर्षांचा मुलगा कित्येक तास गाडला जाऊन, हाडें मोडलेल्या अवस्थेंत, जिवंत निघाला. तोच पुढें तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे म्हणून जगास ठाऊक झाला.

त्यानंतर लाकडी सांगाड्याचीं घरें बांधण्याचे नियम झाले. पण धडा पुरता गिरविला गेला नाहीं. ऑगस्ट २०१७ मधील भूकंपानें दोघांचा, तर नोव्हेंबर २०२२ मध्यें अतिवृष्टीनें डोंगर खचून बारा जणांचा बळी घेतला. उतारावरील बेकायदा बांधकामांची चर्चा तेव्हां पुन्हां इटलीभर झाली.

तरीहि आगबोटी भरून येतात, आणि त्यांत कांहीं नवल नाहीं. दुखऱ्या गुडघ्यास आराम देणारें तें पाणी खरें आहे, आणि तें तापविणारा अग्निहि खरा आहे. पाहुणा आठवडाभरानें परत जातो. बेटावरील माणसास मात्र दोहोंबरोबर नांदावयाचें असतें. घर कोठें बांधावें आणि कसें बांधावें, एवढेंच काय तें त्याच्या हातीं आहे.