न पडणारी फिट



फिट, आकडी, फेफरे, मिरगी ही नावे घेतली की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते : माणूस धाडकन पडतो, अंग ताठ होते, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो. हा प्रकार सर्वांना दिसतो. शिक्षकाला मात्र काळजी वाटते ती न पडणाऱ्या मुलांची.

चार ते दहा वर्षांचे एखादे मूल वाचता वाचता थांबते, नजर शून्यात लागते, पापण्या फडफडतात आणि दहाएक सेकंदांत, काही झालेच नाही अशा रीतीने, ते पुढे वाचू लागते. दिवसातून असे अनेकदा घडते. आपण ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून त्याचा कान पिळतो! तंद्री लागलेले मूल खांद्याला हात लावताच भानावर येते. हे येत नाही. डॉक्टर त्याला जोरजोराने श्वास घ्यायला लावतात, तेव्हा बहुधा तिथेच झटका येतो आणि ई.ई.जी.च्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने टोकदार लाटा उमटतात. पुष्कळ मुलांचा हा आजार वयात येईतो जातो.

दुसरी एक फिट मेंदूच्या एकाच भागात, बहुधा कानशिलाच्या बाजूला, सुरू होते. ती एक-दोन मिनिटे टिकते. मूल ओठ चाटते, बटणे चाचपते आणि नंतर काही वेळ गोंधळलेले राहते. हा फरक नीट सांगा, कारण या फिटवर चालणारे कार्बामाझेपिन पहिल्या प्रकारात झटके वाढवू शकते.

किशोरवयात सकाळी उठल्यावर हाताला हिसके बसून चहाचा कप निसटत असेल, तर त्याला वेंधळेपणा म्हणू नका. परीक्षेची जागरणे, सेहरीसाठी मोडलेली झोप, चुकलेली गोळी यांनी हा प्रकार बळावतो. रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मुलीचे स्थळ मोडेल म्हणून आजार लपवला जातो आणि नेमक्या लग्नाच्या धामधुमीत, जागरणात, गोळ्या चुकतात.

सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला तापात येणारी आकडी बहुतेक वेळा मिरगी नसते.

फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर ताबडतोब दवाखान्यात न्या. डोळे कुठे वळले, कोणता हात आधी हलला, शुद्ध केव्हा आली, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.