सहलीविषयी थोडेसे
(मंडळाच्या सभेतील भाषण)



यंदाची सहल छत्रपती संभाजीनगर व वेरूळची ठरली आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्याच फेरीत अजिंठाही उरकण्याचा हट्ट नको. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. अजिंठा वेगळ्या वाटेला, १०० च्या घरात. मागल्या खेपेस देवगिरी, मकबरा, लेणी सारे आम्ही धावत पाहिले. वयस्कर चौघीजणी मात्र दिवसभर बसमध्ये डबे सांभाळीत बसल्या. वर्गणी त्यांनीही आमच्याइतकीच भरली होती!

कैलास लेणे आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरीत घडविले. त्याच्या अंगणात कोठेही टेकले, तरी मान वर करून पाहतच राहावे. जवळच घृष्णेश्वर. आपल्या औंढ्याप्रमाणे तेही ज्योतिर्लिंग. आणि कथेप्रमाणे देवाने नाव घेतले ते घुश्मा नावाच्या एका गृहिणीचे. एवढे निवांत पाहिले तरी दिवस सार्थकी लागेल. देवगिरी ज्यांना चढवेल त्यांनी पुन्हा जावे.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात; बस सांगताना तेवढे पाहावे. आणि पुढच्या बाकांवर त्या चौघींची नावे आजच लिहून ठेवावीत.